ब्राउझरला किती दिसावे?

५ ऑगस्ट २०१५ रोजी सकाळी फायरफॉक्सच्या एका वापरकर्त्याने मोझिलाला कळवले, की रशियातल्या एका बातम्यांच्या संकेतस्थळावरची जाहिरात लोकांच्या संगणकांतल्या फाइली शोधते आहे आणि त्या बाहेर पाठवते आहे. ज्या सर्व्हरकडे त्या जात होत्या तो युक्रेनमध्ये असावा असे दिसत होते. मोझिलाने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती काढली. फायरफॉक्समध्येच असलेल्या पीडीएफ दाखवणाऱ्या भागात ही त्रुटी होती. वाचकाने काही उतरवून घेतले नव्हते, कुठली परवानगी दिली नव्हती. तो फक्त बातमी वाचत होता.

ती जाहिरात काय शोधत होती, हे पाहण्यासारखे आहे. लिनक्सवर ती वापरकर्त्यांची यादी, टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आदेशांचा इतिहास, डेटाबेसच्या आदेशांचा इतिहास आणि दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी लागणाऱ्या एसएसएच किल्ल्या शोधायची. विंडोजवर फाइलझिलासारख्या प्रोग्रॅमच्या मांडणीच्या फाइलींवर तिची नजर होती, कारण त्यांत सर्व्हरचे पत्ते आणि पासवर्ड सापडतात. काम उरकल्यावर संगणकावर तिचा मागमूसही राहत नव्हता.

सुरक्षिततेची चर्चा अशा वेळी त्रुटीभोवतीच फिरते. ती कोणी केली, किती दिवस राहिली, कधी बुजवली गेली, हे विचारले जाते. हे प्रश्न रास्त आहेत, पण आम्हांला त्यांच्या मागचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. बातमी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला एसएसएचच्या किल्ल्या वाचता येतच का होत्या? ब्राउझरचे त्या फोल्डरात काय काम होते? काहीच नव्हते. तरीही ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला आडकाठी केली नाही, कारण तिच्या नियमांनुसार त्यात काहीही वावगे नव्हते. फाइल वापरकर्त्याची, प्रोग्रॅम वापरकर्त्याने सुरू केलेला, म्हणून वाचण्याची मुभा.

हा नियम आला तो १९७०च्या दशकातल्या युनिक्समधून. एका यंत्रावर अनेक माणसे काम करत, आणि एकाने दुसऱ्याच्या फाइलींत डोकावू नये, हा त्या काळातला खरा प्रश्न होता. त्याला युनिक्सने दिलेले उत्तर चांगले होते आणि ते टिकले. आज मात्र घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकावर माणूस एकच असतो आणि प्रोग्रॅम पन्नास असतात. त्यांतला प्रत्येक जण मालकाच्या नावाने वावरतो आणि मालकाचे सगळे अधिकार घेऊन वावरतो. जुन्या वाड्यात अनोळखी माणसाला ओसरीवर बसवत, पाणी देत, काम विचारत. त्याला थेट माजघरात कोणी नेत नसे, आणि त्यात त्याचा अपमान आहे असेही कोणी मानत नसे. डेस्कटॉप संगणकाला ओसरीच नव्हती.

जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच हे तत्त्व मांडून ठेवले होते, की प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून तसूभरही जास्त नकोत. पन्नास वर्षांपूर्वीचा हा विचार कोणी खोडून काढलेला नाही. तो डेस्कटॉपवर आणायला मात्र फार वेळ लागला, आणि तो आला तेही बहुतांशी ब्राउझरच्या निमित्ताने.

ब्राउझरच का, याचे कारण त्याच्या कामात आहे. दुसरा कोणताही प्रोग्रॅम इतक्या अनोळखी ठिकाणांहून इतका अनोळखी मजकूर घेऊन तो तत्काळ उलगडत नाही. चित्रांचे कितीतरी प्रकार, ध्वनी, चलच्चित्रे, पीडीएफ, फॉन्ट, आणि त्यांवर कडी म्हणजे जावास्क्रिप्ट, म्हणजे परक्याने लिहिलेला प्रोग्रॅमच. तो ब्राउझर आपल्या यंत्रावर यंत्रभाषेत उतरवून चालवतो. हे सारे काम करणारा बहुतेक कोड सी आणि सी++ या भाषांत आहे, आणि या भाषांत स्मृतीचा हिशेब प्रोग्रॅमरने स्वतः सांभाळायचा असतो. तो चुकला की हल्लेखोराला दार मिळते. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने आपल्याच गंभीर सुरक्षा-त्रुटी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे ७० टक्के स्मृतीच्या चुकीच्या हाताळणीतून आलेल्या निघाल्या. सप्टेंबर २०२३मध्ये वेबपी या चित्रप्रकाराच्या लायब्ररीत अशीच एक त्रुटी सापडली. क्रोम, फायरफॉक्स आणि ब्राउझरच्याच पायावर उभे असलेले असंख्य डेस्कटॉप प्रोग्रॅम यांना एकाच वेळी धावपळ करावी लागली. कारण काय, तर एक चित्र. आपण हा मजकूर पडद्यावर वाचत असाल, तर त्यातली जोडाक्षरे जुळवण्याचे कामही बहुधा हार्फबझ नावाची लायब्ररी करते आहे. देवनागरीची मांडणी गुंतागुंतीची असल्याने फॉन्टच्या फाइलीत नियमांची लांबलचक कोष्टके असतात, आणि संकेतस्थळ स्वतःचा फॉन्ट पाठवत असेल तर ती कोष्टकेही परक्याकडून आलेली असतात. जुलै २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टला विंडोजच्या फॉन्ट उलगडणाऱ्या भागासाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली होती. तो भाग तर थेट कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी गाभ्यात चालत असे.

तेव्हा ब्राउझर कधीतरी फुटणार, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा लागतो. तो विचार प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय क्रोमला द्यायला हवे. त्याआधी विंडोज व्हिस्टावरच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीने ब्राउझरला कमी अधिकारांत चालवण्याचा प्रयत्न केला होता. पण त्याचा भर फाइलींत लिहिण्याला अटकाव करण्यावर होता, वाचण्यावर नव्हता. २ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या क्रोमने ब्राउझरचेच तुकडे केले. पान उलगडणारी, जावास्क्रिप्ट चालवणारी प्रोसेस वेगळी काढली आणि तिचे जवळजवळ सगळे अधिकार काढून घेतले. तिला फाइल उघडता येत नाही, स्वतःहून नेटवर्कवर जाता येत नाही, दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. काही हवे असेल तर मुख्य प्रोसेसकडे अर्ज करायचा. मुख्य प्रोसेस तो तपासते आणि योग्य वाटला तर पुरा करते. या बंदिस्त जागेला सँडबॉक्स म्हणतात. पान उलगडताना त्रुटी फुटली, हल्लेखोराचा कोड आत शिरला, तरी तो त्या रिकाम्या खोलीतच उभा राहतो. फायरफॉक्सला या वाटेवर यायला वेळ लागला. प्रोसेस वेगळ्या करण्याचे काम २०१६ सालापासून टप्प्याटप्प्याने झाले, आणि लिनक्सवर पानाच्या प्रोसेसला फाइली वाचण्यापासून खऱ्या अर्थाने रोखले गेले ते नोव्हेंबर २०१७च्या ५७व्या आवृत्तीत. त्या रशियन जाहिरातीला तोवर दोन वर्षे उलटून गेली होती.

इथवरची गोष्ट सहसा ब्राउझर बनवणाऱ्यांचा पराक्रम म्हणून सांगितली जाते. आमचे म्हणणे निराळे आहे. ब्राउझर स्वतःला कोंडून घेऊ शकत नाही. भिंती बांधते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ब्राउझर फक्त तिच्याकडे त्या मागू शकतो, आणि त्या किती सहज मिळतात यावर सारे अवलंबून असते.

याचा सर्वांत बोलका पुरावा २०१० सालच्या एका शोधनिबंधात आहे. केंब्रिज विद्यापीठातील रॉबर्ट वॉटसन आणि जोनाथन अँडरसन यांनी बेन लॉरी आणि क्रिस केनवे यांच्या साथीने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कॅप्सिकम ही रचना मांडली. ती तपासायला त्यांनी क्रोमियमच निवडला, आणि निरनिराळ्या सिस्टिमांवर त्याला सँडबॉक्समध्ये बसवायला किती ओळींचा कोड लागतो याची तुलना दिली. विंडोजवर बावीस हजारांहून जास्त ओळी. लिनक्सच्या तेव्हाच्या सेककॉम्प या बंदिस्ती-यंत्रणेवर अकरा हजारांहून जास्त. मॅकवर पाचशेसाठच्या आसपास. कॅप्सिकमवर सुमारे शंभर. ब्राउझर तोच, हेतू तोच, तरी कष्टांत दोनशे पटींहून अधिक अंतर. विंडोजवर अधिकार कमी केलेले टोकन, निराळा अदृश्य डेस्कटॉप, जॉब ऑब्जेक्ट अशा वेगवेगळ्या कारणांसाठी बनलेल्या तुकड्यांची मोट बांधावी लागली, आणि बावीस हजार ओळींत नवे छिद्र राहून जाण्याची शक्यता शंभर ओळींपेक्षा किती जास्त, हे सांगायला नको.

लिनक्सची कथा हळूहळू सुधारण्याची आहे. सेककॉम्प २००५ साली आला, तेव्हा तो इतका कडक होता की त्यात वाचणे, लिहिणे, बाहेर पडणे अशा मोजक्या सिस्टिम कॉलपलीकडे, म्हणजे कर्नलकडे करायच्या मागण्यांपलीकडे, काही करता येत नसे. २०१२ साली लिनक्स ३.५मध्ये विल ड्र्यूरी यांनी त्याला गाळणी लावण्याची सोय केली. कोणते कॉल चालतील आणि कोणते नाहीत, हे प्रोग्रॅम कर्नलला आधीच सांगू शकतो. आज लिनक्सवरचा क्रोम दोन थरांनी बांधलेला असतो. पहिला थर नेमस्पेसचा, त्यात पानाच्या प्रोसेसला रिकामी फाइल-व्यवस्था आणि रिकामे नेटवर्क दिसते. दुसरा थर या गाळणीचा. हे परिणामकारक आहे यात शंका नाही, पण ते समजून घेणे कठीण आहे. कोणत्या लायब्ररीला कोणता सिस्टिम कॉल लागेल, हे लायब्ररीच्या नव्या आवृत्तीबरोबर बदलते, आणि गाळणी जुनी राहिली की टॅब कोसळतो.

या सगळ्यांत आम्हांला सर्वांत स्वच्छ वाटते ती ओपनबीएसडीची वाट. १९९५ साली थिओ डी राट यांनी कॅनडातल्या कॅल्गरीतून सुरू केलेला हा छोटा प्रकल्प. त्याचे डेस्कटॉप वापरकर्ते थोडे आहेत, पण तिथले विचार इतरांनी उचलावेत असे असतात. त्यांनीही आधी वेगळा मार्ग चोखाळला होता. २००२पासून त्यांच्याकडे सिसट्रेस होते. त्यात प्रोग्रॅमने काय करावे याचे नियम बाहेरच्या माणसाने लिहायचे, आणि सिस्टिमने प्रत्येक कॉल त्यांवर ताडून पाहायचा. नियम लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमच्या पोटात काय चालते याची नीट कल्पना नसे, त्यामुळे नियम एकतर सैल राहत किंवा प्रोग्रॅम मोडत. त्यातच २००७ साली रॉबर्ट वॉटसन यांनी दाखवून दिले, की तपासणी आणि प्रत्यक्ष अंमल यांच्या मधल्या क्षणात तपासलेली माहितीच बदलून अशा पहारेकऱ्यांना चकवता येते. याच वॉटसन यांनी पुढे कॅप्सिकम केले. ओपनबीएसडीने २०१६ साली सिसट्रेस काढून टाकले. त्या आधीच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या ५.९ आवृत्तीत नवी पद्धत आली होती. तिचे नाव प्लेज.

प्लेजमध्ये प्रोग्रॅम स्वतःच कर्नलला सांगतो, की यापुढे मला एवढेच लागेल. सिस्टिम कॉलची लांब यादी द्यायची नाही, कामांचे मोजके गट सांगायचे: फाइल वाचणे, फाइल लिहिणे, नेटवर्क, नावावरून पत्ता शोधणे, दुसरा प्रोग्रॅम चालवणे. एकदा सांगितले की मागे फिरता येत नाही. पुढे आणखी अधिकार सोडता येतात, वाढवता येत नाहीत. शब्द मोडला तर कर्नल प्रोग्रॅमला सहसा तिथल्या तिथे संपवते. चूक पदरात घालून पुढे जाण्याची, इशारा देऊन सोडून देण्याची रीत सहसा नाही. हा कठोरपणा आम्हांला योग्य वाटतो. जो प्रोग्रॅम स्वतःच्या शब्दाबाहेर वागू लागला, त्याचा ताबा बहुधा दुसऱ्याकडे गेलेला असतो.

प्लेजने कामांचे गट बांधले, पण कोणत्या फाइली, हा प्रश्न राहिला होता. त्याला बॉब बेक यांच्या अनव्हेलने ऑक्टोबर २०१८च्या ६.४ आवृत्तीत उत्तर दिले. प्रोग्रॅम कर्नलला फोल्डरांची यादी देतो, आणि प्रत्येकापुढे तिथे वाचायचे आहे, लिहायचे आहे की चालवायचे आहे हे नमूद करतो. यादी बंद केली की बाकीची फाइल-व्यवस्था त्याच्यापुरती अस्तित्वातच राहत नाही. यादीबाहेरची फाइल मागितली तर 'परवानगी नाही' असे उत्तर येत नाही, 'अशी फाइलच नाही' असे येते.

ओपनबीएसडीवरचे क्रोमियम आणि फायरफॉक्स हे दोन्ही अशा याद्यांसह येतात, आणि त्या याद्या साध्या मजकूर फाइलींत असल्याने कोणालाही वाचता येतात. ब्राउझरची स्वतःची मांडणी ठेवण्याची जागा, फॉन्ट, काही लायब्ररी, तात्पुरत्या फाइली आणि डाउनलोड्स हे फोल्डर. बस. विशेष हे, की ही मर्यादा पान उलगडणाऱ्या प्रोसेसपुरती नाही, मुख्य प्रोसेसलाही लागू आहे. इतर सिस्टिमांवर मुख्य प्रोसेस सर्वसाधारणपणे मालकाचे सगळे अधिकार बाळगून असते, आणि हल्लेखोर तिथवर पोचला की खेळ संपतो. इथे मुख्य प्रोसेसही हाती लागली तरी एसएसएचच्या किल्ल्यांचे फोल्डर तिला दिसत नाही. २०१५ची ती जाहिरात या रचनेत आली असती, तर फोल्डर नाहीच असे उत्तर घेऊन परतली असती.

याची किंमत वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते. ईमेलला एखादा फोटो जोडायचा म्हणून खिडकी उघडावी, तर फोटोंचे फोल्डर दिसत नाही, कागदपत्रांचे दिसत नाही. फक्त डाउनलोड्स दिसते. जोडायची फाइल आधी तिथे नेऊन ठेवावी लागते. नव्या माणसाला हा दोष वाटतो, आणि त्याची तक्रार खोटी नाही. तरीही आम्ही या गैरसोयीच्या बाजूने आहोत. ती रोज काही सेकंदांची आहे, आणि ती ज्यापासून वाचवते ते नुकसान कधीकधी आयुष्यभर निस्तरावे लागते.

मात्र एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगायला हवी. डाउनलोड्स हेच एक फोल्डर ब्राउझरला दिसत असेल, तर आपल्या घराघरांत त्या फोल्डरात काय असते ते आठवावे. ई-आधारची पीडीएफ, पॅन कार्डाची प्रत, बँकेचे खातेपत्रक, प्राप्तिकराचे विवरणपत्र, महाभूलेखवरून काढलेला सातबारा, मुलांचे दाखले. काम झाल्यावर ते तिथून कोणी हलवत नाही. ई-आधारच्या फाइलीला पासवर्ड असतो हे खरे, पण नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष अशी त्याची ठरलेली घडण असते, आणि ती जगजाहीर आहे. म्हणजे जगातली सर्वांत काटेकोर भिंत बांधली, तरी आपले सर्वांत नाजूक कागद भिंतीच्या अलीकडे, ब्राउझरच्याच बाजूला पडलेले असतात. डाउनलोड्स हे उतरवून घेण्याचे ठिकाण आहे, साठवण्याचे नाही. कागद हाती आला की त्याला दुसऱ्या फोल्डरात हलवावे. सँडबॉक्सच्या कुठल्याही रचनेला वापरणाऱ्याकडून एवढा हातभार लागतोच.

या गैरसोयीवर तांत्रिक उपायही आहे, आणि तो मॅकवर २०११पासून वापरात आहे. फाइल निवडण्याची खिडकी बंदिस्त प्रोग्रॅमने उघडायची नाही, ती सिस्टिमच्या दुसऱ्या, विश्वासू प्रोसेसने उघडायची. तिला सगळी फोल्डरे दिसतात. माणसाने एक फोटो निवडला की तेवढाच फोटो प्रोग्रॅमच्या हाती दिला जातो. माणसाची निवड हीच परवानगी, वेगळा प्रश्न विचारून त्याला त्रास द्यायचा नाही. लिनक्सवर पोर्टल या नावाने हीच सोय आता रुळते आहे, मुख्यतः फ्लॅटपॅक या पॅकेज-पद्धतीच्या निमित्ताने. डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी आपली ताकद इथे लावावी असे आम्हांला वाटते, कारण सुरक्षितता आणि सोय यांतले भांडण इथे खरोखर मिटते. 'परवानगी द्यायची का?' असे दिवसातून वीसदा विचारणारी सिस्टिम माणसाला न वाचता 'हो' म्हणायला शिकवते.

लिनक्सच्याच जगात गेल्या काही वर्षांत एक अवघड पेच उभा राहिला आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे. क्रोमचा पहिला थर ज्या नेमस्पेसवर उभा आहे, ती बनवण्याची मुभा साध्या वापरकर्त्याला असावी लागते. पण ती मुभा असली की साध्या वापरकर्त्याला कर्नलचे असे कोपरे गाठता येतात, जे एरवी फक्त प्रशासकासाठी असतात, आणि त्या कोपऱ्यांत त्रुटी पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत. म्हणजे ब्राउझरची भिंत बांधण्याचे साहित्य हेच हल्लेखोराचे हत्यारही ठरते. लिनक्सवर आधारलेल्या उबुंटूने २३.१०मध्ये ही मुभा आवळण्याची तयारी केली आणि एप्रिल २०२४च्या २४.०४मध्ये ती सरसकट आवळली. ॲपआर्मर या त्याच्या सुरक्षा-यंत्रणेच्या यादीत ज्या प्रोग्रॅमांची नावे आहेत, त्यांनाच ती पूर्ण मिळते. प्रमुख ब्राउझर यादीत आहेत. पण अधिकृत पॅकेजऐवजी दुसरीकडून उतरवलेले ब्राउझर, आणि क्रोमियमच्या पायावर बनलेले अनेक प्रोग्रॅम सुरूच होईनात. 'सँडबॉक्स उपलब्ध नाही' असा संदेश देऊन ते थांबत.

थांबणे बरोबरच होते. चूक त्यापुढे झाली. असा संदेश आला की लोक उपाय शोधतात, आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे 'नो-सँडबॉक्स' हा पर्याय जोडून प्रोग्रॅम चालवणे. एक शब्द जोडला की काम होते. तो शब्द मग आयकॉनमध्ये कायमचा लिहिला जातो आणि विस्मरणात जातो. क्रोम तेव्हा वर एक पट्टी दाखवून सांगतो, की यामुळे स्थैर्य आणि सुरक्षितता ढासळेल. पट्टी बंद करायला एक क्लिक लागते. कर्नलचे संरक्षण करायला उबुंटूने उचललेले पाऊल अशा संगणकांवर ब्राउझरचे संरक्षणच काढून घेण्यात संपले. त्यातच मार्च २०२५मध्ये क्वालिस या कंपनीने उबुंटूचे हे बंधन चुकवण्याच्या तीन वाटा दाखवून दिल्या. उबुंटूचा हेतू चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या बदलामुळे सामान्य माणूस सँडबॉक्स बंद करायला प्रवृत्त होतो, तो बदल अपुरा आहे. बंधन घालणाऱ्याने त्याच संदेशात योग्य वाट दाखवायला हवी: हा ब्राउझर अधिकृत पॅकेजमधून बसवा, किंवा या प्रोग्रॅमला यादीत असे घ्या.

सँडबॉक्स अभेद्य असतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. २०१२ साली गूगलनेच क्रोम फोडण्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा 'पिंकी पाय' या टोपणनावाच्या तरुणाने सहा त्रुटींची साखळी करून तो पूर्ण भेदला आणि ६०,००० डॉलर मिळवले. सहा त्रुटी, एकीवर दुसरी रचत. सँडबॉक्स नसता तर पहिलीच पुरली असती. हा फरक पैशांत, वेळेत आणि कौशल्यात मोजला जातो, आणि सरसकट सगळ्यांवर हल्ला करणारे लोक त्यामुळे गाळले जातात. मोजक्या लोकांच्या मागे लागलेले मात्र गाळले जात नाहीत. मार्च २०२५मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा-कंपनीने रशियातल्या माध्यमे, शिक्षणसंस्था आणि सरकारी कचेऱ्यांवरचा हल्ला उघडकीस आणला. त्यात विंडोजवरच्या क्रोमचा सँडबॉक्स, प्रोसेसांमधल्या देवाणघेवाणीतल्या एका चुकीमुळे, जणू नव्हताच असा ओलांडला गेला होता. गूगलने तो बुजवला. काही दिवसांत मोझिलाने आपला कोड तपासला, तर तसाच नमुना फायरफॉक्समध्येही सापडला. अशा वेळी आतली दुसरी भिंत, म्हणजे मुख्य प्रोसेसवरची मर्यादा, किती मोलाची ठरते ते ध्यानात येते.

कधी धोका भिंतीच्या विटांतच निघतो. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला. प्रोसेसर पुढचे काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, त्या खटाटोपातून एकाच प्रोसेसमधली माहिती चोरता येते, असे दिसले. एका प्रोसेसमध्ये दोन संकेतस्थळे नांदवणे धोक्याचे ठरले. क्रोमने त्याच वर्षी डेस्कटॉपवर प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रोसेस दिली, आणि त्यासाठी स्मृतीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढेल हे मोकळेपणाने सांगितले. फायरफॉक्सने ही रचना २०२१च्या अखेरीस लागू केली. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ही वाढ जाणवते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सँडबॉक्स काय करत नाही हेही सांगितले पाहिजे. तो फसव्या पानावर टाइप केलेला ओटीपी परत आणत नाही. पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्या फोनला तो ओळखत नाही. आपणच उतरवून चालवलेल्या प्रोग्रॅमला तो अडवत नाही, आणि असा प्रोग्रॅम बाहेरून ब्राउझरचे फोल्डर उघडून आपण लॉग-इन असल्याच्या खुणा चोरून नेऊ शकतो. याच चोरीला आवर घालायला क्रोमने जुलै २०२४मध्ये विंडोजवर त्या खुणा क्रोमलाच उलगडता येतील अशा कुलूपबंद केल्या. म्हणजे आता उलट दिशेची भिंतही बांधली जाते आहे. लिनक्सवर जुनी एक्स-११ खिडकी-व्यवस्था असेल, तर तिच्याशी जोडलेला कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत टाइप होणारी अक्षरे टिपू शकतो. फायरफॉक्सने पानाच्या प्रोसेसची एक्स-११शी असलेली जोडणी एप्रिल २०२२च्या ९९व्या आवृत्तीत तोडली. एक्स-११ची जागा घेणाऱ्या वेलँडवर हा प्रश्नच बराचसा निकाली निघतो.

सरकारी कचेऱ्या, बँका, महाविद्यालयांच्या संगणकशाळा जेव्हा शेकडो संगणकांवर एकदम ब्राउझर बसवतात, तेव्हा निविदेत प्रोसेसर आणि स्मृती यांचे आकडे असतात, अँटिव्हायरसचेही नाव असते. ब्राउझर सँडबॉक्ससह चालावा, 'नो-सँडबॉक्स' कुठल्याही आयकॉनमध्ये नसावा, प्रशासकाच्या खात्यातून ब्राउझर उघडू नये, ही अट लिहायला एकही रुपया जास्त लागत नाही. क्रोम तर लिनक्सवर प्रशासकाच्या खात्यातून सँडबॉक्ससह सुरूच होत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी तो शब्द जोडण्याचा मोह होतो. तपासणेही कठीण नाही. लिनक्सवर फायरफॉक्सच्या मदत मेनूत समस्यानिवारणाचे पान आहे, त्यात सँडबॉक्सचा स्वतंत्र विभाग असतो, आणि कोणता थर चालू आहे नि कोणता नाही ते एकेका ओळीत दिसते. तिथे सँडबॉक्सचा थर बंद असल्याचे आढळले, तर ज्याने तो संगणक बसवून दिला त्याला आजच बोलवावे.